पातळ आवाज

रविवारी दुपारी ग्रीक क्लबातला कार्यक्रम आटोपला, सामान गाडीत चढलं आणि मग थानासिसने ते बोलून टाकलं. थानासिस म्हणजे बँडचा गायक, बेस गिटारवाला आणि मुकादम, तिन्ही एकटाच. त्यामुळे त्याचं बोलणं उडवून लावायची सोय नव्हती.

"रादे, राग मानू नकोस. पण तुझी गिटार ऐकूच येत नाही. आणि येते तेव्हा टोचते."

मिलोरादला सगळं कूबर पेडी, ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातलं ते ओपल-रत्नांच्या खाणींचं गाव, रादे म्हणायचं. तो गाडीच्या मागच्या फळीला दोरी बांधत होता. "ॲम्प कोपऱ्यात ठेवला होता," तो म्हणाला.

"गेल्या वेळी म्हणालास, मधोमध ठेवला होता म्हणून."

"गेल्या वेळी मधोमधच होता!"

त्यांचा ड्रमवाला डार्सी, पाण्याचा टँकर चालवणारा म्हातारा, बाजूला सिगारेट वळत बसला होता. त्याने मान वर केली नाही. डार्सी गप्प बसला म्हणजे समजायचं, त्याचं आणि थानासिसचं आधीच बोलणं झालंय.

खरं तर दुखणं जुनंच होतं. दुसरा गिटारवाला लाझार ॲडलेडला मुलीकडे राहायला गेला आणि ते उघडं पडलं, इतकंच. बँडमध्ये दोन गिटारी होत्या तोवर लाझारच्या जाड, तेलकट आवाजाखाली मिलोरादचा आवाज झाकून जायचा. दोन बैलांच्या गाडीत एक नुसताच चालत असला तर गाडीवानाला पत्ता लागत नाही. आता एकट्यालाच जुंपल्यावर सगळ्यांना कळलं. बोटं चांगली होती त्याची. शेवटच्या गाण्यातली ती एक लांब उडी सोडली तर सूर चुकत नसे. पण आवाज म्हणजे पत्र्यावर खिळा ओढावा तसा.

"शाळेत नवी बाई आलीय, ब्रॉन्विन," थानासिस म्हणाला. "गिटार वाजवते. भरलेला आवाज आहे तिचा."

"माझ्या जोडीला घेतोयस?"

थानासिसने चाकाला लाथ मारून हवा तपासली. हवा ठीकच होती. "ईस्टरच्या मेळ्याआधीच्या शनिवारी तुझ्याच घरी जमू. तू वाजव, आम्ही ऐकतो. मग ठरवू."

मिलोरादने दोरीची गाठ इतकी करकचून मारली की पुढे ती कापावी लागली. पाठीचा मणका सरकल्यापासून डॉक्टरने त्याला खाणीत उतरायची बंदी केली होती. खोदायचं मशीन विकून झालं होतं. त्याच्या जागेवर आता दुसरेच लोक ओपल काढत होते. गावात तो उरला होता तो फक्त बँडमधला गिटारवाला म्हणून. तेवढंही गेलं तर तो कोणीच नव्हता. ही गोष्ट त्याला इतकी स्वच्छ दिसत होती की भीती वाटायच्या आधी संतापच यायचा.

घर टेकडीत खोदलेलं. पुढे स्वयंपाकघर, त्याला दार आणि गावाच्या मानाने बऱ्यापैकी एक खिडकी. मागे बैठकीची खोली, मग झोपायची, आणि सगळ्यात आत, टेकडीच्या पोटात, गिटारीची. बाहेर उन्हाने डांबर वितळत असलं तरी आत बारा महिने सारखीच हवा. भिंती गुलाबी-पांढऱ्या, खोदायच्या यंत्राचे गोल ओरखडे अजून त्यांच्यावर, आणि धूळ पडू नये म्हणून वरून पातळ डिंकाचा हात.

त्याची बायको स्लावित्सा सकाळी मोटेलच्या भटारखान्यात राबायची आणि दुपारी घरी यायची. तरुणपणी ती सर्बियात गावच्या गाण्याच्या चमूत होती आणि तिचा कान तराजूसारखा होता. खोटं कौतुक तिला जमायचंच नाही. गेली कित्येक वर्षं मिलोराद आतल्या खोलीत वाजवायचा आणि ती स्वयंपाकघरातून भिंतीपलीकडून निकाल द्यायची.

त्याने जाड तारा बसवल्या. बोटं सोलून निघाली.

"आता?" त्याने ओरडून विचारलं.

"पातळ!"

त्याने ॲम्पवरचा ट्रेबल, म्हणजे टोचणारे वरचे सूर, खाली आणला, मधले सूर वर चढवले. कुणीतरी सांगितलं, खरखर जास्त ठेवलीस की आवाज पोकळ होतो, ती कमी कर. त्याने ती कमी केली. ॲम्प खुर्चीवरून जमिनीवर आणला, म्हणजे जमीन आवाजाला अंग देईल. तार छेडायची पिकची चकती सोडून अंगठ्याने वाजवून पाहिलं. गिटारीतलं चुंबक स्क्रू पिळून तारांच्या जवळ आणलं.

"आता कसाय?"

"आता पातळ आणि मोठा! आधी नुसता पातळ होता, तो बरा होता!"

"तुझे कान गेलेत, स्लावा!"

"कान गेले असते तर सुखी झाले असते! ये, भाजलेल्या मिरच्या सोलायला बस, तेवढं तरी नीट करशील."

त्याने गिटार भिंतीला टेकवली आणि भिंतीकडे बघत बसला. आणि मग त्याला ते सुचलं, जे या गावाबाहेरच्या कुणालाच सुचलं नसतं.

दुसऱ्या गावातल्या माणसाने दुकानात जाऊन चांगला ॲम्प आणला असता. कूबर पेडीत माणसाला काही कमी पडलं की तो भिंत खणतो. कपाट हवं, खणा. पाहुणे येणार, खणा. बायकोशी पटत नाही, आणखी एक खोली खणा. मिलोरादच्या मनात हिशोब बसला. ॲम्पच्या खोक्याला मागून झाकण नसतं. त्याच्या पाठीशी नुसती सपाट भिंत असते म्हणून आवाज पुढच्या पुढे निसटतो. पाठीशी एक खोल कोनाडा दिला तर आवाज आत जाईल, घुमेल, अंग धरून बाहेर येईल. पखवाजाला पोट असतं म्हणून तो पखवाज, नाहीतर ते नुसतं कातडं.

शेडमधून त्याने दगड फोडायचा जुना ब्रेकर ओढत आणला. स्लावित्साने पाठीची आठवण करून दिली. त्याने तिला मिरच्यांची करून दिली.

दगड मऊ होता, लोण्यासारखा कापत गेला. कोनाडा कोपरभर खोल झाला तेव्हा ब्रेकरचा दांडा एकदम आत शिरला आणि मिलोराद छातीने भिंतीवर आदळला. त्याने यंत्र बंद केलं. कोनाड्याच्या तळाशी मुठीएवढं भोक पडलं होतं आणि त्यातून हवा येत होती. टेकडीच्या पोटातली हवा गार असायला हवी. ही उबदार होती, कुणाच्या तरी अंगाची ऊब लागावी इतकी.

भिंत फुटणं ही या गावात काही नवलाची गोष्ट नाही. कपाट खणताना शेजाऱ्याच्या न्हाणीघरात निघालेले लोक आहेत आणि त्यांच्या गोष्टी वर्षानुवर्षं दारूबरोबर चघळल्या जातात. त्याची रीतही ठरलेली. भोकातून आपलं नाव सांगायचं, प्यायला काहीतरी पलीकडे द्यायचं आणि म्हणायचं, आपली भिंत एक झाली, आपलं घर एक झालं. पलीकडच्याने ते प्यायचं. मग दोघांनी मिळून भोक बुजवायचं. आधी प्यायचं, मग बुजवायचं. याने भांडणं होत नाहीत.

पण पलीकडे कुणी नव्हतं. टेकडीच्या त्या अंगाला एकटी झोर्का राहायची, आणि तिची मागची भिंत कुठल्या कुठे होती. मधे सगळा अखंड दगड. मिलोरादने टॉर्च लावला. उजेड आत गेला आणि कशावरही पडला नाही. त्याने शेडमधली सगळ्यात लांब सळई भोकातून सरकवली. ती पुरी आत गेली, हाताच्या चिमटीत शेंडा राहिला, तरी कशाला लागली नाही. जुन्या लोकांनी खोदून सोडून दिलेलं एखादं भुयार असणार. असली भुयारं गावाखाली चाळणीसारखी आहेत, त्यांचे नकाशे कुणाकडे नाहीत.

तरी त्याने राकियाचा, त्यांच्याकडच्या फळांच्या दारूचा, पेला भरून आणला. सवय म्हणा, थट्टा म्हणा. भोकाच्या कडेवर पेला ठेवला आणि तोंड जवळ नेऊन म्हणाला, "मी मिलोराद. आपली भिंत एक झाली, बाबा. आपलं घर एक झालं."

मग स्वतःशीच हसला आणि ॲम्प कोनाड्यात बसवला.

पहिलीच तार छेडली आणि त्याचा हात थांबला. आवाज भरून आला होता. जाड, गोल, खालून कुणीतरी हात दिल्यासारखा. सुराच्या पाठोपाठ, केसाएवढ्या अंतराने, भोकातून तोच सूर परत येत होता आणि दोन्ही मिळून एकच होत होते. त्याने एक अख्खं गाणं वाजवलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते त्याने धुळीवर ढकललं.

स्वयंपाकघरातली भांडी थांबली होती. "रादे?" स्लावित्सा म्हणाली. "हे तू वाजवलंस?"

"मग काय रेडिओ लावला?"

ती दारात आली. हाताला पीठ होतं. "पुन्हा वाजव," एवढंच म्हणाली आणि उंबऱ्यावर बसली. ती अशी ऐकायला बसल्याला किती वर्षं झाली होती ते त्याला आठवेना.

दोन दिवस तो सुखात होता. माणूस सुखात असला की चौकशा करत नाही. पेला रिकामा झाला होता, पण इथली हवा कोरडी, उघड्यावर ठेवलेलं काहीही उडून जातं.

तिसऱ्या दिवशी तो वैतागला, कारण भोकाने त्याची चूक सुधारली.

शेवटच्या गाण्यातली ती लांब उडी. खालच्या सुरावरून एकदम वर जायचं. करंगळी नेहमी एक घर अलीकडे पडायची, तशीच पडली. त्याच्या तारेवर चुकीचा सूर वाजला आणि भोकातून बरोबरचा आला.

मिलोरादने पुन्हा उडी घेतली. पुन्हा चुकली. पुन्हा भोकातून बरोबर सूर आला, आरामात, जरा लांबवून.

"अरे वा!" तो भोकाला म्हणाला. "मास्तर आलेत."

त्याला भीती वाटायला हवी होती. पण इतकी वर्षं थानासिसची, लाझारची, बायकोची बोलणी खाल्लेल्या माणसाला आता स्वतःच्या घरच्या भिंतीचीही ऐकून घ्यायची म्हणजे जरा जास्तच होतं. मुद्दाम तो वाटेल तसं वाजवू लागला. आडवंतिडवं, बेसूर. भोकातून नेटकं गाणं येत राहिलं.

त्याने तारांवर तळवा दाबून धरला. गाणं त्याच्याशिवाय दोन ओळी पुढे गेलं आणि मग थांबलं.

संध्याकाळी तो झोर्काकडे जाऊन आला. तिच्याकडे खोदकाम नव्हतं, गिटार नव्हती, पाहुणा नव्हता. वर म्हणाली, "मोठ्याने बोल ना रे, काय कुजबुजतोयस?" तो काही कुजबुजत नव्हता. तो चांगला ओरडत होता, कारण झोर्का म्हातारी होती.

मग हे रोजचंच झालं. हार्डवेअरच्या दुकानात प्लास्टरच्या पोत्यासाठी फोन केला तर पलीकडचा माणूस "हॅलो, हॅलो, कोण?" करत राहिला आणि त्याने फोन ठेवला. स्वतः गेला तर काउंटरपाशी तिघेजण त्याच्या पुढे घुसले. स्लावित्सा जेवताना एकेक गोष्ट दोनदा विचारायची.

"घशाला काय झालंय तुझ्या?"

"काही नाही झालं. गाव बहिरं झालंय."

"काय?"

"गाव बहिरं झालंय!"

"सूपमध्ये मीठ आहे की," ती म्हणाली.

डार्सी पाणी द्यायला आला तेव्हा मिलोरादने त्याला आत नेलं. या गावाखालचे खड्डे डार्सीइतके कुणाला ठाऊक नव्हते. डार्सीने कोनाडा पाहिला, भोकात बोट घालून पाहिलं, बोट पँटला पुसलं.

"इथे भुयार नाही," तो म्हणाला.

"आहे की समोर."

"वाजव बघू."

मिलोराद वाजवू लागला. डार्सी स्टुलावर बसला, आणि ड्रमवाल्यांची खोड, बोटं मांडीवर ठेका धरू लागली. जरा वेळाने ती थांबली. त्याने पुन्हा ठेका धरला. पुन्हा थांबला. उन्हाने कातडं झालेल्या त्याच्या चेहऱ्यावर काही दिसत नसे, पण तो उठून उभा राहिला.

"काय झालं?" मिलोरादने विचारलं.

"तू म्हणालास, भोकातला सूर तुझ्या मागून येतो."

"केसभर मागून."

डार्सीने टोपी घातली. "तो मागे नाहीये, रादे. मी मोजतोय. तू त्याच्या मागे आहेस."

"काहीतरी बोलू नकोस."

"बुजव ते," डार्सी म्हणाला आणि पाण्याची पावती न देताच निघून गेला.

मिलोराद चिडला. डार्सीवर चिडला, भोकावर चिडला, आणि सगळ्यात जास्त परीक्षेच्या त्या शनिवारावर चिडला. भोक बुजवलं तर आवाज गेला आणि आवाजाबरोबर बँड गेला. नाही बुजवलं तर वाजवणारा कोण, हेच कळेना. त्याने डोळे मिटून वाजवून पाहिलं. डार्सीचं खरं होतं. सूर आधी भोकातून येत होता, आणि त्याची बोटं धावतपळत मागून पोचत होती, उशिरा कामावर आलेल्या माणसासारखी. आणि त्यांचा स्वतःचा असा आवाज जवळपास राहिलाच नव्हता.

गिटार माझी आहे, असं तो मनाशी म्हणाला. वाजवीन तर मीच वाजवीन, पातळ तर पातळ. ब्रॉन्विनबाई आली तर येऊ दे. हा निश्चय करताना त्याला रडू येत होतं, तरी त्याने तो केला.

शुक्रवारी त्याने भोक बुजवलं. आधी दगडाचे तुकडे ठासले, मग प्लास्टर, मग डिंकाचा हात. एकट्यानेच. रीत दोघांची आहे हे त्याला थापी धुताना आठवलं.

शनिवारी दुपारी त्याने ॲम्प चालू केला. तांबडा दिवा लागला. त्याने तार छेडली.

आवाज आला नाही.

बटणं पूर्ण फिरवली. जोरात छेडली. ॲम्पच्या जाळीमागचा कागदी पडदा थरथरताना त्याला दिसत होता. तार बोटाखाली कापत होती. कानाला काही लागत नव्हतं.

"रादे!" स्वयंपाकघरातून स्लावित्सा ओरडली. "सुरू कर की! ते येतीलच आता!"

"वाजवतोय!"

"रादे? आत आहेस ना?"

त्याने गिटार पिशवीत घातली, पाठीला लावली आणि बाहेर आला. ती शेगडीपाशी पाठमोरी उभी होती. मिरच्या तडतडत होत्या. "थानासिसकडे जातो," तो म्हणाला. "त्याचा ॲम्प आणतो. माझा मेलाय." तिने मान वळवली नाही. दोन पावलांवरून तो तेच पुन्हा ओरडला. तिने मिरची उलटली.

काय बायको आहे, असं म्हणत तो उन्हात गेला. म्हटलं ते त्यालाही नीट ऐकू आलं नाही.

थानासिसच्या दाराला कुलूप होतं. गाडी नव्हती. म्हणजे ते निघाले होते. मिलोराद टेकडीवरून आडवाटेने परत फिरला. टेकडीच्या माथ्यावर, घराच्या बरोबर वर, हवेचे पाईप जमिनीतून वर आलेले असतात, एकेका खोलीचा एकेक.

आतल्या खोलीच्या पाईपातून गिटार ऐकू येत होती.

तो थांबला.

जाड, गोल, भरलेला आवाज. त्याला आयुष्यभर हवा होता तसा. त्याचं गाणं, त्याच्या लकबी, दोन ओळींमधे तो घेतो तो श्वासदेखील.

त्याने हात मागे नेऊन पिशवी चाचपली. गिटार पाठीवरच होती. मान, पेटी, सगळं.

तो धावत उतरला. पाठीतून कळ गेली, तरी धावला.

दार उघडं होतं. टेबलाभोवती तिघं बसली होती, आतल्या खोलीकडे तोंड करून. थानासिसने बिअरची बाटली तोंडापाशी नेऊन तशीच धरली होती. डार्सीची बोटं मांडीवर चालली होती. स्लावित्साने दोन्ही हात मांडीत ठेवले होते आणि तिचे गाल ओले होते.

आत शेवटचं गाणं त्या लांब उडीपाशी आलं.

उडी बरोबर पडली.

"ठरलं," थानासिस घोगऱ्या आवाजात म्हणाला. "बाईला मी आजच नाही म्हणून कळवतो. आपला गिटारवाला हाच."

"मला माहीत होतं," स्लावित्सा म्हणाली. "त्याच्यात ते होतं. मला कधीपासून माहीत होतं."

"स्लावा," मिलोराद दारातून म्हणाला.

कुणी वळलं नाही.

"स्लावा! मी इथे आहे! तो मी नाही!" त्याने सगळा जीव घशात आणला. मानेच्या शिरा फुगल्या. "माझ्याकडे बघ!"

स्लावित्साने कानाजवळ हात हलवला. मग पुन्हा हलवला.

"काहीतरी गुणगुणतंय," ती म्हणाली. "माशा येताहेत आत. दार लावा ना कुणीतरी."

डार्सी उठला. दारापाशी आला आणि थबकला. ऊन डोळ्यांवर येत असल्यासारखे डोळे बारीक करून त्याने बाहेर पाहिलं, मिलोराद उभा होता बरोबर तिथे. ओठ जरासे हलले, काहीतरी मोजल्यासारखे.

मग त्याने दार हळूच लावून घेतलं.

आत गाणं थांबलं. टाळ्या झाल्या. आतल्या खोलीतून पावलं आली, बैठकीच्या खोलीतून पुढे, सावकाश.

"ये, बस," स्लावित्सा म्हणाली. "दमलास."

आणि टेबलापाशी खुर्ची ओढल्याचा आवाज आला.